बसवत नाही, ते दुखणे



आम्ही कामगार चळवळीतले. बाळंतिणीच्या दुखण्यावर आम्ही बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु तेंदूच्या हंगामात गडचिरोलीकडील एका सभेत एक बाई शेवटपर्यंत उभीच राहिली. बसण्याचा आग्रह केला, तेव्हा तिची सासू म्हणाली, "बाळंतपणापासून तिचं माकडहाड दुखते जी, तिच्यानं बसवत नाही." मूल आठ महिन्यांचे होते. मग आम्ही मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले.

माकडहाड म्हणजे कण्याचे शेवटचे टोक. तीन ते पाच लहान मणक्यांचे. बाळाचे डोके बाहेर येताना ते मागे ढकलले जाते, सांध्यांचे बंध ताणतात, क्वचित हाड सरकते वा मोडते. बहुतेकींचे दुखणे हळूहळू शमते. तीन महिन्यांनंतरही राहिले, तर उपचार हवाच. पुष्कळदा क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, आणि बाई ढोंग करते असा निकाल घरात लागतो. तो निकाल चुकीचा आहे.

मागच्या बाजूला खाच कापलेली उशी घ्यावी, म्हणजे दुखरी जागा टेकत नाही. किंचित पुढे झुकून बसावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. एवढे घरी होते. पुढचे काम भौतिकोपचार जाणणाऱ्याचे. दुखण्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसतात. संथ, खोल श्वासाने ते सैल करण्यास तो शिकवतो. गरज पडल्यास बाईच्या संमतीने हाताने सांधा मोकळा करतो. ऐकीव माहितीवर स्नायू आवळण्याचे व्यायाम करू नयेत. ताप आला, पाय बधिर झाले वा लघवीवरचा ताबा गेला, तर तडक डॉक्टर गाठावा.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची गडचिरोलीतील दोन गावांची पाहणी 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी शेकडा 92 जणींस स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या शेकडा 8. ती पाहणी माकडहाडाची नव्हे. पण आमच्या बाया किती मुकाट सोसतात, हे तिच्यातून कळते.

प्रसूतिलाभाचा कायदा 1961 साली झाला; 2017 मध्ये रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली. पण 70 पानांच्या पुडक्यावर मजुरी घेणारीला रजा कोण देणार? आणि पुडकी तर बसूनच बांधायची!

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी भौतिकोपचार जाणणारी बाई असावी, आणि बाळंतिणीला तिच्याकडे पाठवावे. तोवर आपण एक करा. आज घरी गेल्यावर बाळंतिणीला विचारा, "बसताना दुखते का?" ती "हो" म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा.