मजुरी व भिक्षा



मुंबईच्या गिरणगांवांत १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. पुढें अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. भोंग्याबरोबर महिन्याचा ठराविक पगार गेला, वाण्याकडील पतही गेली. पुष्कळांनीं रखवालदारी, हमाली पत्करली. हात रिकामे राहिले नाहींत, तरी दारिद्र्य हटलें नाहीं.

कामगाराची मजुरी त्याच्या निर्वाहास पुरेशी असावी, असें पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या विश्वपत्रांत बजावलें आहे. आम्ही सणासुदीस गरिबांना धान्य वाटतों. परंतु आमच्याच घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचा आजारपणांतील पगार कापतों. जें न्यायानें देणें आहे, तें भिक्षा म्हणून देऊं नये. ज्युबिलीचा हिशेब आपण घरापासूनच आरंभूं या.