दोन दिवसांची सुटी आणि पाहणारी नजर



शनिवार-रविवार मुंबईस जायचे आहे, काय पाहावे, असे आम्हांला पुष्कळदा विचारले जाते. विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा वीस स्थळांची यादी असते. आम्ही तीतली सतरा नावे खोडतो आणि तीन ठेवतो : एक चित्रप्रदर्शन, एक बेट आणि एक चित्रपट. का, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम चित्रे. काळा घोडा भागातील जहांगीर कलादालन सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १९५२ साली खुले झाले. तेथे प्रवेशाला पैसा पडत नाही. तरीही आपल्यापैकी कितीतरी जण दारावरूनच परततात. ‘आपल्याला त्यातले काय कळणार?’ म्हणतात. हा संकोच सोडला पाहिजे. १९४७ साली मुंबईत ज्या तरुण चित्रकारांनी प्रोग्रेसिव्ह गट स्थापन केला, त्यांतले आरा हे एके काळी पोटासाठी मोटारी धूत होते. अशा माणसाचे चित्र पाहायला आपल्याला कोणाचा परवाना हवा? एक चित्र निवडावे आणि त्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे. चित्रकार दालनात असला तर खुशाल विचारावे. तो रागावत नाही; न विचारता निघून जाणाऱ्यांचेच त्याला दुःख असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवेवरून लाँचने घारापुरीस जावे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवार साधावा. सुमारे तासाभराचा प्रवास, मग पायऱ्यांची चढण. मुख्य लेण्यातील त्रिमुख सदाशिव सुमारे १८ फूट उंच आहे. एक मुख उग्र, एक कोमल, मधले शांत. उजेड पुढच्या आणि बाजूंच्या मोकळ्या जागांतून तिरपा येतो, म्हणून आत शिरताच सारे अंधुक वाटते. थोडे थांबले की अंधारातून ओठ, मग पापण्या, मग मुकुटावरील कोरीव काम वर येते. घाईच्या माणसाला ही मूर्ती दिसतच नाही. आसपासच्या शिल्पांचे हातपाय मात्र अनेक ठिकाणी तुटलेले आहेत, तेही पाहावे.

तिसरा चित्रपट. जहांगीर कलादालनापासून चालत काही मिनिटांवर वॉटसन हॉटेलची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी तेथे ल्युमिएर बंधूंच्या सहा चित्रफिती एक रुपया तिकिटाने दाखविल्या गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९९ साली, छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे सावेदादा भाटवडेकर यांनी मुंबईतील एका कुस्तीचे चित्रण केले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. म्हणजे पडद्यावरचे चित्र आणि भिंतीवरचे चित्र यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. सकाळी लेण्यात उजेड-अंधाराचा खेळ निरखलेला माणूस संध्याकाळी चित्रपटगृहात बसला, की केवळ गोष्ट पाहत नाही. दिवा कोठे ठेवला आहे, चेहऱ्याची कोणती बाजू सावलीत आहे, हेही पाहू लागतो.

आता मुख्य मुद्दा. कला टिकते ती केवळ कलावंतामुळे नव्हे, पाहणाऱ्यामुळेही. १९३१ साली गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गर्दी लोटली होती. जतन करावे असे मात्र वेळेवर कोणाला वाटले नाही. वॉटसनच्या इमारतीचा काही भाग २००५ साली कोसळला. रोज तिच्यासमोरून हजारो लोक जात होते, पण तिच्याकडे पाहणारे थोडेच. ज्याकडे समाज पाहत नाही, त्याच्या डागडुजीला पैसा निघत नाही, आणि ते गेल्यावर आपण हळहळतो.

म्हणून वीस ठिकाणे उरकू नका, तीन पाहा. आणि मुंबईस जाणे न जमले तरी बिघडत नाही. आपल्या गावच्या शाळेत मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते, जुन्या देवळाच्या खांबांवर कोरीव काम असते. येत्या रविवारी तेथे अर्धा तास थांबा, आणि सोबत घरातले एक मूल न्या. पुढच्या पिढीला पाहण्याची सवय लागली, तर जे आज शिल्लक आहे ते तिच्या हाती सुखरूप पोहोचेल.