संगणकाचे पहारेकरी

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावींहि, श्रोतेहो, आतां सात-बाराचा उतारा व बँकेचे व्यवहार घरच्या संगणकावर होतात. धास्तावलेला गृहस्थ त्यावर दोन-दोन विषाणुरोधक बसवितो, वर सफाईचीं साधनें. पण एका दारावरचे दोन पहारेकरी पुष्कळदां एकमेकांसच चोर समजतात, आणि यंत्र तेवढें मंदावतें.

पुण्याच्या काटकर बंधूंनीं १९९५ सालीं क्विक हील आणलें, तेव्हां विकतचा पहारेकरी ठेवणें शहाणपणाचें होतें. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पहारेकरी विंडोजबरोबरच येतो. वेळोवेळीं अद्ययावत् केल्यास साधारण घरास तो पुरे. दुसराच हवा असेल तर एकच ठेवावा व त्याची वर्गणी चुकवूं नये.

सफाईच्या साधनांना मात्र निरोप द्यावा. २०१७ सालीं सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तींतच चोरट्यांनीं घातक आज्ञावली मिसळली. सुमारें २२ लाख ७० हजार यंत्रांवर ती उतरली. केरसुणींतच विंचू निघाला म्हणावयाचा! विंडोजची स्वतःची झाडलोट पुरेशी आहे.

घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवावी. खंडणी मागणारा विषाणु जोडलेल्या डिस्कलाहि सोडीत नाहीं.