पगार कमी, की शेजारच्यापेक्षा कमी?
कॅलिफोर्निया विद्यापीठ सरकारी, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका वृत्तपत्राच्या वेबसाइटवर कुणालाही दिसायचे. २००८ साली काही अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कर्मचारी निवडले आणि ईमेलवर त्यांना ही साइट फक्त सांगितली. बस. पगारात एका डॉलरचाही फरक नाही! पण आपल्याच विभागात, आपल्यासारख्याच कामात ज्यांचा आकडा मधल्या आकड्याच्या खाली निघाला, ते नाराज झाले, दुसरी नोकरी शोधायचं मनात घोळवू लागले. आणि वरचे? त्यांना काही आनंदबिनंद झाला नाही. आता आपले एचआरवाले म्हणणार, बघा, म्हणूनच पगार गुप्त ठेवतो. अहो, पण चहाच्या टपरीवर आकडा फुटतोच की! मग माणूस विचारतो, 'त्याला जास्त का?' तेव्हा साहेब नुसतं 'परफॉर्मन्स' म्हणून गप्प बसले, तर दुसऱ्या दिवशी तो सहाच्या ठोक्याला बॅग उचलतो.