कळा सुरू झाल्या, आत कोण जाणार?

एरंडोल तालुक्यातल्या कुठल्याही गावातून पोर बाळंतपणाला निघाली की गाडीत चौघीजणी बसतात. आई, सासू, काकू, शेजारीण. दवाखान्यात पोचलं की बऱ्याचदा चौघी व्हरांड्यात बसून राहतात आणि पोर एकटीच आत जाते.

घरी बाळंतपणं व्हायची तेव्हा सुईण पुढे आणि एखादी जाऊ नाहीतर मावशी पाठीला टेका देऊन मागे. ते दिवस परत नकोतच, फार जीव गेले त्यात. पण दवाखान्यात जाताना तो पाठीवरचा हात बाहेर राहून गेला. २०१६ साली केंद्र सरकारनं सांगितलं, की सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईजवळ एक सोबतीण राहू द्यावी. आणि हे नुसतं मायेचं नाही. १७ देशांतल्या १५ हजारांवर बायांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर शेवटपर्यंत सोबत असली की बाई थोडी लवकर मोकळी होते, सिझरही कमी लागतं.

मग आत जायचं कुणी? सरकारी सूचना म्हणते, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, अंगात साथीचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यातली. आम्ही म्हणतो, आधी पोरीला विचारा. मानपान लग्नात बघू. तिला नणंदेजवळ मोकळं वाटत असेल तर नणंद जाईल. आडोशाची सोय असेल तिथं नवराही जाऊ शकतो. हे आठव्या महिन्यातच ठरवा, आशाताईला सांगा, तपासणीला जाल तेव्हा सिस्टरलाही विचारून ठेवा. ऐन वेळी दारात वाद नको.

आत गेल्यावर कंबर चोळा, सिस्टर हो म्हणाली तर घोट घोट पाणी द्या, हात धरून चालवा. पोट दाबू नका. ‘जोर कर’ हे सिस्टरनं सांगितल्याशिवाय म्हणायचं नाही. आणि ‘आम्ही नाही का काढल्या कळा’ हे वाक्य चपलांसोबत बाहेर ठेवा. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे जायचं नाही, सिस्टरच्या कामात पडायचं नाही.

बाळ झालं की आईच्या उघड्या छातीवर ठेवू द्या. तासाभरात अंगावर पाजायचं. मध नाही, गूळपाणी नाही. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, तेव्हा तुमचं आईकडे असू द्या. रक्त थांबत नसेल, चक्कर येते म्हणाली, तर लगेच हाक मारा. सिस्टर रागावली तरी मारा.