आग विझवताना भिंतीकडेही नजर

९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि आग विझवली जात असतानाच कोसळली. अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्यात गेले.

अशा जुन्या इमारतींतली लाकडी तुळई बाहेरून आत जळते, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर. जाड तुळई वेळ देते. भिंतीत टेकलेलं तिचं टोक देईलच असं नाही. त्यात आपणच मारलेलं पाणी! हजार लिटर म्हणजे मजल्यावर एक टन. लोखंडी गर्डर जळत नाही, पण साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतो. म्हणून भिंत फुगली, तडा रुंदावला, की जाणता अधिकारी जवानांना बाहेर काढतो. इमारतीच्या उंचीच्या दीडपट दूर. काळबादेवीच्या गल्लीत तेवढी जागा मिळणार कुठे, हा प्रश्न उरतोच.