भौमितिक नक्षीचे प्रदर्शन : मांडणीविषयी काही विचार



कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामागील परंपरा सांगताना आबालाल रहिमान यांच्यापासून आरंभ करावा लागतो. कोटितीर्थाच्या परिसरात राहून निसर्गचित्रे रंगविणारा आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार १९३१ मध्ये निवर्तला. त्याच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. अशा सजविलेल्या प्रतींच्या पृष्ठांवर अक्षरांभोवती चौकटी, तारे आणि एकमेकींत गुंफलेल्या रेषा काढण्याची पद्धत इस्लामी जगात सर्वत्र आढळते. म्हणजे ही नक्षी कोल्हापूरला परकी नाही. टाऊन हॉलमधील संग्रहालयात आबालालांची चित्रे पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला मात्र या दुसऱ्या वारशाची कल्पना क्वचितच असते.

इस्लामी भौमितिक नक्षीवरून स्फूर्ती घेतलेली चित्रे या नगरीत मांडावयाची झाल्यास पहिला प्रश्न मांडणीचा येतो. सुबक चौकटी भिंतीवर टांगल्या, खाली ‘इस्लामी कला’ अशी पाटी लावली की काम संपले, असा समज सर्रास दिसतो. प्रेक्षक येतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. एका समाजाचे काहीतरी पाहिले, एवढेच त्याच्या मनात राहते. ही नक्षी कशी उभी राहते हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते.

वास्तविक तिची साधने दोनच : कर्कटक आणि पट्टी. वर्तुळाच्या त्रिज्येएवढेच अंतर घेऊन परिघावर खुणा करीत गेल्यास नेमक्या सहा खुणा होतात. त्या एक सोडून एक जोडल्या की सहा टोकांचा तारा मिळतो. एकाच वर्तुळात दोन चौरस काढून एक दुसऱ्यापेक्षा पंचेचाळीस अंशांनी फिरवला की आठ टोकांचा तारा होतो. असे तारे टोकाला टोक लावून ओळीने मांडले असता चार ताऱ्यांच्या मधोमध क्रूसासारखा आकार आपोआप उरतो. तो कोणी काढलेला नसतो! पाच आणि दहा टोकांच्या ताऱ्यांचे गणित याहून बिकट आहे, कारण नियमित पंचकोनांनी जमीन सलग भरत नाही. इराणमधील इस्फहान येथील १४५३ च्या दर्ब-इ-इमाम या वास्तूवरील अशा नक्षीचा उलगडा करणारा निबंध दोन पदार्थवैज्ञानिकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला, यावरून कारागिरांच्या बुद्धीची कल्पना यावी.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात कारागिरांच्या उपयोगाची एक लांबलचक गुंडाळी जतन केलेली आहे. तिच्यात ११४ आकृत्या असून, शाईच्या रेषांखाली शाई न लावता नुसत्या टोकाने कोरलेल्या रचनारेषा आढळतात. प्रदर्शन भरविणाऱ्यांनी नेमका हाच धडा घ्यावा. प्रत्येक पूर्ण चित्राशेजारी त्याची वर्तुळे, विभाग आणि जोडरेषा दाखविणारे तीन-चार कच्चे आलेख लावावेत. चित्रे कमी लागली तरी चालतील.

चित्रकला शिक्षकांना यात वेगळा लाभ आहे. शासकीय एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी कर्तव्यभूमिती आणि संकल्पचित्र हे दोन विषय विद्यार्थी जणू त्यांचा परस्परांशी संबंधच नाही अशा रीतीने शिकतात. येथे ते एकाच कागदावर येतात. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला तर हे अर्धे आधीच येत असते. तिचे ठिपके दिसतात, येथील वर्तुळे पुसली जातात, एवढाच फरक.

पंचायत सदस्यांकडेही एक काम येते. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आदिलशाही काळातील नक्षीकाम आणि फार्सी शिलालेख अंगावर बाळगून उभा आहे. तो संरक्षित असल्याने त्याची नोंद छायाचित्रांवरूनच करावी. परंतु गावोगावच्या जुन्या दर्ग्यांना, वाड्यांना आणि वेशींना असे संरक्षण नसते. दुरुस्तीच्या वेळी गिलावा आणि ऑइलपेंट यांखाली जाळीची नक्षी बुजते व ती मूळ कशी होती हे सांगणारा कोणी उरत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी शाळेच्या मुलांकडून मोजमापासह तिचा आलेख करून घ्यावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. प्रदर्शनात असे आलेख मांडले गेले तर भारी चौकटींहून त्यांचे मोल अधिक ठरेल.

चित्रात कुराणातील वचन असल्यास ते पायाशी किंवा जमिनीवर येणार नाही, याची काळजी आरंभीच जाणकारांना विचारून घ्यावी. उद्घाटनाच्या दिवशी धावपळ नको. पाट्या सोप्या मराठीत असाव्यात आणि त्यांवर गावाचे व काढणाऱ्याचे नाव असावे. दाराजवळ एक लांब मेज, कोरे कागद आणि दहा-बारा कर्कटके ठेवावीत. पाहावयास आलेल्याने बसून निदान सहा टोकांचा एक तारा काढावा आणि तो घरी न्यावा.